खिडक्या लावलेलं कीर्तन

मांडव उडाला तो बुवांनी पागोटं बांधायच्या आतच.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत त्या मे महिन्यात रोज संध्याकाळी वारा सुटायचा. पण तो आपला सतरंजीचा कोपरा उलटवून पळून जाणारा, खोडकर पोरासारखा. आज मात्र खाडीकडच्या भरावाच्या मोकळ्या प्लॉटांवरून जी धूळ उठली ती भिंतीसारखी उभीच्या उभी चालत आली. आधी पलीकडच्या सेक्टरातल्या अर्धवट इमारती दिसेनाशा झाल्या, मग पाण्याची टाकी, मग मांडवाचा पुढचा खांब. डोंगरातल्या खडीच्या खाणींची पांढरी भुकटीही वाटेत तिला सामील झाली असावी, कारण लोकांच्या दाताखाली कचकच वाजायला लागली. धाकट्या धनाजीनं कनातीचं एक टोक घट्ट पकडून ठेवलं होतं. कनात उडाली, आणि तिच्यामागून धनाजीही चार पावलं नाचत गेला.

"सोड की रं ती! कनातीबरोबर खाडीपल्याड मोऱ्याच्या धक्क्यावर उतरशील!" त्याच्या बापानं, हौसेरावांनी, दारातून आवाज दिला. "चला, समदी घरात चला! बायामाणसं आधी!"

हा आवाज आधी मुंबईच्या आणि आता तुर्भ्याच्या मसाला बाजारात अख्खं आयुष्य माथाडींच्या टोळीला हाका मारून पिकलेला होता. त्याच्यापुढं वाऱ्याची काय कथा! बायका, पोरं, टाळकरी, पेटीवाला, मृदंगवाला आणि खुद्द नावड्याचे बुवा असे सगळे हौसेरावांच्या दोन खोल्यांत शिरले. वसाहतीतलं बैठं घर ते. एरवी सहा माणसांना पुरतं, आज त्यात निम्मी गल्ली मावली. मावली म्हणजे, ज्याचा गुडघा ज्याच्या पाठीत रुतला तो तिथंच राहिला.

हौसेरावांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, सगळ्यांत आधी वाचवलं ते धुपाटणं. पदराखाली निखारे झाकून त्या आत आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "सुनयना, खिडक्या लाव. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंब. धुळीचा कण आत येता कामा न्हाय. माझ्या लेकराला सोसत न्हाय."

खिडक्या लागल्या. मुक्ताबाईंनी निखाऱ्यांवर मूठभर धूप टाकला, वर गुग्गुळ टाकला. निळा धूर आढ्याला लागला तसं त्यांचं मन शांत झालं. बाहेर कितीही घाण असो, जिथं धूप आहे तिथली हवा पवित्र. त्यांच्या आईनं त्यांना हेच शिकवलं होतं, आणि आईच्या आईनं आईला.

हे कीर्तन म्हणजे त्यांचाच नवस. थंडीत नात ज्ञानेश्वरी छातीनं आजारी पडली. सहा वर्षांची पोर, उशीला टेकून बसायची आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. तेव्हा मुक्ताबाई देवासमोर बोलून गेल्या होत्या, पोर होळीला नाचू दे, घरात कीर्तन करीन. पोर होळीला नाचली. पण देवाचं देणं द्यायला बुवांची तारीख मिळेपर्यंत मे उजाडला, वारा सुटला आणि शिट्टी परत आली. मग हौसेरावांनी घरात कुणाला न विचारता गावाकडं निरोप धाडला. त्यांची थोरली बहीण भागीरथी परवाच साताऱ्याकडून एसटीनं आली होती ती पोरीला न्यायला. उद्या सकाळी निघायचं. पोरीनं पहिलीचं वर्ष तिकडच्या शाळेत काढायचं, चांगल्या हवेत. म्हणजे आज नवसही फिटणार होता आणि पाठवणीही होणार होती.

खाटेखाली लाल रेक्झिनची पिशवी भरून ठेवली होती. पोरीच्या आईनं, सुनयनानं, तिला हात लावला नव्हता. मुक्ताबाईंनीच भरली. फ्रॉक, स्वेटर, खडूची पेटी. आणि तळाशी, एका झबल्यात गुंडाळून, डॉक्टरीणबाईंनी दिलेला तो दम्याचा पंप. त्यावरून या घरात केवढं रामायण झालेलं! हौसेराव म्हणाले होते, पंपाची सवय लागते. भागीरथी म्हणाली होती, पोरीच्या जातीला तोंडात पंप, उद्या लग्नात काय सांगाल? मुक्ताबाईंनी दोघांच्या होला हो केलं होतं. आणि आज पाहुणे यायच्या आधी, कुणी बघू नये म्हणून, त्यांनी तो फळीवरून काढून पिशवीच्या तळाशी घातला होता. नुसता लपवायचाच असता तर गव्हाच्या डब्यात लपवला असता. पण पोर जिथं जाईल तिथं तो जावा, असं त्यांच्या हातांना वाटलं. तोंडानं काही का म्हणेना!

*

स्वयंपाकघरात सुनयना चहाच्या पातेल्याकडं बघत उभी होती आणि तिचा नवरा विश्वजित तिच्याकडं बघत.

"साखर घातलीस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही बोललात?"

"अगं, बाहेर बुवा बसलेत. आज कुठं..."

"आज नाही, काल नाही. उद्या सकाळी एसटी आहे. मग काय स्टँडवर बोलणार? कंडक्टरशी?"

विश्वजित बेलापूरच्या एका ऑफिसात कारकून. साहेबासमोर तोंड उघडायचा, युनियनच्या मीटिंगमध्ये तर हातही वर करायचा. पण आबांसमोर, म्हणजे हौसेरावांसमोर, त्याची जीभ टाळूला चिकटायची. ज्या खांद्यांनी पोती वाहून आपल्याला शिकवलं त्या खांद्यांना उलट उत्तर कसं द्यायचं, हे त्याला कुठल्याच शाळेनं शिकवलं नव्हतं.

"वैजयंती डॉक्टर म्हणाल्या पंप सोडायचा नाही, ते मी आबांना सांगू का?" सुनयना म्हणाली. "मी सुनेची मर्यादा सोडून बोलले तर चालेल? नाही ना? मग तुम्ही बोला. पोर काय लोणच्याची बरणी आहे का, इकडं बुरशी धरते म्हणून तिकडं ठेवायला?"

तेवढ्यात भागीरथीआत्या कपबश्या मोजायच्या निमित्तानं आत आल्या. वय झालेलं, पण पाठ ताठ, कपाळ कोरं, आवाजाला धार. हौसेरावांना 'हौसा' म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

"काय कुजबुजताय गं? माझ्याच नावानं चाललंय न्हवं?" त्या पाटावर बसल्या. "हे बघ सुने, तुझी पोर मी पळवून नेत न्हाय. दूध हाय, अंगण हाय, आन हवा म्हणशील तर लोण्यासारखी. हितं तर बाई वाळत घातलेलं धुणं सांजच्याला झाडून घ्यावं लागतंय. एवढीशी छाती, ती काय काय गाळून घील?"

"खरं आहे आत्या," सुनयना म्हणाली. तिला या बाईशी भांडताही येईना. ती खोटं कुठं बोलत होती? "पण दिवाळीत आलो होतो तेव्हाही ती खोकली होती. तुमच्या स्वयंपाकघरात."

"ती व्हय? ती चुलीच्या धुरानं. त्यो काय आजार न्हवं. चुलीपाशी कोण खोकत न्हाय? मी तर..." आणि बोलता बोलता आत्यांनाच ढास लागली. तोंडाला पदर लावून त्या खोकल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुनयनानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "हल्ली रोजचंच हाय," पाणी पिऊन त्या म्हणाल्या. "हितं तरी दोन दिस बरं व्हतं. आज ह्या धुरानं परत उठवलीया बघ."

हे बोलून त्या हातातल्या तांब्याकडं बघत राहिल्या. काहीतरी त्यांच्याच कानाला खटकलं असावं. पण बाहेर मृदंगावर थाप पडली आणि बोलणं तिथंच राहिलं.

*

हौसेराव भिंतीला टेकून बसले होते आणि मांडीवर ज्ञानेश्वरी. बुक्क्याचं ताट फिरवायचा मान आज तिचा होता. तिनं गल्लीतल्या एकूण एक कपाळाला बुक्का लावला, दोघा-तिघांच्या नाकालाही लावला, आणि ताटात उरलेला फुंकर मारून उडवला, तो निम्मा तिच्याच मिशा होऊन बसला. मग येऊन तिनं आजोबांच्या सदऱ्यात नाक खुपसलं.

हा त्या दोघांचा रोजचा खेळ. हौसेराव बाजारातून आले की हातपाय धुवायच्या आधी तिनं सदरा हुंगायचा आणि आज कुठला माल वाहिला ते ओळखायचं. बरोबर आलं की खांद्यावर बसवून गल्लीत एक फेरी. हौसेरावांच्या लेखी दिवसभराच्या मजुरीपेक्षा ही फेरी मोठी होती. आज कीर्तनाच्या गडबडीत ते बाजारातून आले तसेच बसले होते, फक्त टोपी बदलून.

"धणे," ती म्हणाली.

"हुंग नीट."

तिनं खोल श्वास घेतला आणि शिंकली. "मिरची! बेडगी!"

"बरूबर. पर फेरी उद्या..." म्हणता म्हणता ते थांबले. उद्या कुठली फेरी? उद्या या वेळेला पोर कराडच्याही पुढं गेलेली असेल. पोरीला पाठवायचं आपणच ठरवलं, आणि त्याचं सगळ्यांत जड पोतं आपल्याच पाठीवर आलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? मुकादम माणूस. टोळी रडली तरी मुकादमानं रडायचं नसतं.

बुवांनी निरूपणाला विषयच श्वासाचा घेतला होता. "भगवंतानं देह दिला, पण देह देताना एक खुबी ठेवली. अन्न साठवता येतं, पाणी साठवता येतं, पैका तर काय, पुरून ठेवता येतो. पण श्वास? उद्याचा श्वास आज घेऊन ठेवतो म्हणाल, तर जमेल का? मग ज्याचं देणं क्षणाक्षणाला येतं त्याचं नावही क्षणाक्षणाला घ्यावं की नको?"

"घ्यावं, घ्यावं!" टाळकरी डोलले. पेटीनं सूर धरला. बाहेर पत्रे खडखडत होते, आत घाम, माणसं, कापूर, बुक्का. आणि वाऱ्याचा आवाज वाढला की मुक्ताबाई धुपाटण्यात आणखी एक मूठ टाकत होत्या. बुवा धुरातून देवासारखे दिसत होते, म्हणजे अधूनमधूनच दिसत होते.

हौसेरावांचा पंजा पोरीच्या पाठीवर होता. पंजाखाली काहीतरी थरथरत होतं. मृदंगाची घुमक भिंतीतून येत असेल, असं त्यांना वाटलं. मग बुवांनी तान घेण्यासाठी मृदंग थांबवला. थरथर थांबली नाही.

त्यांनी खाली पाहिलं. पोरीचे खांदे कानांपर्यंत चढले होते. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, जशी पिशवीची नाडी कुणीतरी आतून खेचावी. मिशा लावलेलं ते एवढंसं तोंड उघडं होतं, आणि त्यातून ती शिट्टी.

"सुनयना!"

हौसेरावांनी सुनेला नावानं कधी हाक मारली नव्हती. 'पोरी' म्हणायचे, नाहीतर 'ज्ञानूची आई'. ही हाक ऐकूनच सुनयनाच्या हातातलं चहाचं गाळणं पडलं. ती माणसांवरून कशी आली तिलाही कळलं नाही. पोरीला एकदा बघितलं आणि फळीकडं हात टाकला.

फळी रिकामी.

"पंप कुठंय? इथला पंप कुणी घेतला?"

कीर्तन थांबलं. एकदम सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणालं छातीला तेल चोळा, कुणी म्हणालं कांदा फोडा, कुणी नुसतंच "देवा, देवा" म्हणत पोरीवर वाकलं. विश्वजित उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा बापासमोर ओरडला, "आबा, तुम्ही टाकलात काय तो?"

"मी? मी कशाला... इठ्ठलाची आण, मी हात लावला न्हाय!"

"म्यां घेतला," मुक्ताबाई म्हणाल्या.

आणि जी बाई गुडघ्यांपायी देवळाच्या पायऱ्या एकेक करून चढायची, ती पेटीवाल्याच्या डोक्यावरून, मृदंगाला वळसा घालून खाटेपाशी पोचली. खाटेवर चार बायका. "उठा गं! उठा म्हणते न्हवं!" लाल पिशवी बाहेर ओढली, उपडी केली. फ्रॉक, स्वेटर, खडू, सगळं टाळकऱ्यांच्या अंगावर. झबलं उलगडलं. पंप सुनयनाच्या हातात.

हौसेराव बघतच राहिले. "तू... गावाला द्याय घातला व्हतास?"

"मग? नुसती हवा खाऊन जगती व्हय माझी नात?"

"धनाजी भावोजी, बाटली!" सुनयना ओरडली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं तिनं पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप बसेल असं करून ठेवलं होतं. लहान पोराला पंप दाबायच्या क्षणाला श्वास ओढता येत नाही. बाटलीत औषध सोडलं की सावकाश घेता येतं. ज्ञानेश्वरी तिला 'तुतारी' म्हणायची. धनाजीनं ती चुलीमागच्या खिळ्यावरून उपटून आणली, बाटलीचं तोंड पोरीच्या ओठांत दिलं आणि म्हणाला, "वहिनी, मी डॉक्टरला घेऊन येतो, टेन्शन नका घेऊ," आणि स्वतःच्या चपला सोडून बुवांच्या चपला घालून धुळीत पळाला.

सुनयनानं पंप दाबला. पण पोर घाबरली होती. भोवती एवढे चेहरे, सगळ्यांच्या कपाळावर काळा बुक्का. तिचा श्वास उथळ, भराभर, बाटलीतलं औषध बाटलीतच.

तेव्हा बुवा खाली बसले. आत्तापर्यंत ग्रंथातल्यासारखं बोलणारे बुवा एकदम नावड्याच्या आपल्या आगरी घरात बोलतात तसं बोलायला लागले.

"खिरक्या उघरा रं. वादल गेलं, आवाज येतंय का तुमाला? दार उघरा. ती धुपाटनी बाहेर ठेवा आधी. सगलं जन बाहेर जावा, पोरीला वारा येवं द्या." मग मृदंगवाल्याकडं वळून, "तू थांब. हलू वाजव. अगदी हलू. पालन्यासारखं." आणि पोरीला म्हणाले, "बाय, ही तुतारी हाय ना तुजी? ती वाजतानी मृदंगाला सोरून वाजली त कीर्तन बिघरतं. धा... म्हंजे आत. धिं... म्हंजे बाहेर. मी पन घेतंय तुज्यासंगती."

धा. आत. धिं. बाहेर.

मृदंगवाल्यानं बोटं इतकी हलकी केली की मृदंगाच्या शाईवर माशी बसावी. बुवांची भारदस्त छाती वर झाली, खाली झाली. हौसेरावांचीही झाली. पोरीचे डोळे बुवांच्या छातीवर खिळले. पहिले काही ठोके चुकले. मग एक जमला. मग त्याच्यामागून दुसरा. सुनयनानं परत पंप दाबला. उघड्या खिडक्यांतून वारा आला, ओल्या मातीचा नाही की सुगंधी नाही, साधाच, पण धूर घेऊन गेला. दारात उभी राहिलेली निम्मी गल्ली नकळत एका ठेक्यात श्वास घेत होती.

खळी आत ओढायची थांबली. शिट्टी बारीक झाली. पोरीनं बाटली तोंडातून काढली आणि कीर्तन बंद पाडल्याबद्दल सगळ्यांना बोललीही, "आता गोष्ट पुढं सांगा की."

मुक्ताबाई पदरात तोंड घालून रडल्या. भागीरथीआत्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "उगी. आता का रडतीस, वयनी?"

"वन्सं, धूप म्यां टाकला की हो. माझ्याच हातानं."

*

डॉक्टर वैजयंती स्कूटरवरून आल्या, मागं धनाजी, पायात बुवांच्या चपला. त्यांनी पोरीची छाती ऐकली, पाठ ऐकली, नखं बघितली, आणखी एकदा पंप दिला.

"वेळेवर दिलात. पण उद्या सकाळी दवाखान्यात आणा, आणि मधेच परत चढलं तर माझी वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल." मग त्यांनी आढ्याकडं बघितलं. निळसर पट्टा अजून तिथं तरंगत होता. "धूप?"

मुक्ताबाईंनी हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

"अहो आजी, तुम्ही चुकीचं असं काही केलं नाहीत. वादळात खिडक्या लावल्यात ते बरोबरच. बाहेरच्या धुळीनंच तिच्या नळ्या सुजल्या, आज गल्लीतली आणखी तीन पोरं माझ्याकडं येऊन बसलीत. फक्त खिडक्या लावल्यावर आत धूर करायचा नाही. सुजलेल्या नळीला धूर काय, धूळ काय, सारखंच. देवाला नुसतं फूल चालतं."

"आन पंपाची सवय?" हौसेरावांनी विचारलं. आवाजात मुकादम उरला नव्हता.

"चष्म्याची लागते तेवढीच. औषध जिथं हवं तिथं थेट जातं, थोडंसंच. त्याला घाबरू नका, आजोबा."

"मी ओळखलं होतं आज," ज्ञानेश्वरी मधेच म्हणाली. तिला बरं वाटायला लागलं होतं आणि डॉक्टरांवर छाप पाडायची होती. "आबांचा सदरा हुंगून मी सगळं ओळखते. हळद, धणे, मिरची. मिरची असली की शिंका येतात, मग छातीत कबूतर बसतं. पण मी बरोबर सांगते."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुंडाळला. हौसेरावांच्या बाहीवरच्या लालसर पुटाकडं त्यांनी एकदा पाहिलं, एवढंच. पण हौसेरावांनीही त्याच वेळी तिकडं पाहिलं होतं. आयुष्यभराची शान होती ती. मसाल्याच्या वासावरून बाजारात माणूस ओळखला जातो. या अंगाला मिरचीची आग होत नाही म्हणून ते छाती फुगवायचे. ते सावकाश उठले आणि पोरीपासून दोन हात लांब, उंबऱ्यापाशी जाऊन बसले.

"आबा, इकडं या ना."

"बसतो हितंच जरा. वारा बरा हाय."

विश्वजितनं घसा साफ केला. सुनयनानं त्याच्याकडं पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं. मघाशी ओरडला होता तो भीतीनं. आता शांतपणे बोलायचं म्हणजे अवघड काम.

"आबा, ती जाणार नाही. मी तिचा बाप आहे, मी सांगतोय. इथली हवा वाईट आहे, मान्य. पण इथं डॉक्टर आहे, पंप आहे, आई आहे. काय जपायचं ते आपण इथं जपू."

सगळ्यांच्या नजरा हौसेरावांकडं. पण उत्तर आलं ते भागीरथीआत्यांकडून.

"हौसा, त्यो बरूबर बोलतोय."

"आक्का, तूच तर म्हणलीस..."

"म्हणले. आता ऐकतेय. माझ्या घरात तीन दगडांची चूल हाय. धुराडं दोन वर्सं बुजलंय. त्या धुरात मी पोरीला घिऊन बसणार? तिथं मला सोताला ढास सोडत न्हाय, दोन दिस हितं आले तर थांबली. आज धूप जळाला तशी परत आली. मला काय कळत न्हाय व्हय?" त्या थांबल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "घर सुनं लागतं रं. पोरीचा पाय वाजल, म्हणून मीच मनाला पटवत व्हते, गावाची हवा, गावाची हवा."

सुनयनानं येऊन त्यांचा हात धरला. दोन दिवस जिच्याशी अबोल भांडण चाललं होतं तिचाच. "आत्या, मग तुम्हीच राहा ना इथं. शाळा सुरू होईपर्यंत तरी. डॉक्टरांना तुमचीही छाती दाखवू."

"बघू. लाडीगोडी नको लावू," आत्या म्हणाल्या, पण हात सोडवून घेतला नाही. "आन पंप कुणी बघितला तर बघू दे. लग्नाला अजून लई अवकाश हाय. तवर जावयालाबी फुंकायला शिकवू."

बुवा अंगणात धनाजीकडून चपला परत मिळवत होते. मुक्ताबाईंना एकदम आठवलं. "अहो बुवा! कीर्तन अर्धं राहिलं. मग माझा नवस फिटला का न्हाय?"

बुवांनी पागोटं सरळ केलं आणि परत ग्रंथातल्या भाषेत शिरले. "आई, आजच्याइतकं तल्लीन होऊन कुणी श्वास मोजलेला मी तरी पाहिला नाही. देवाच्या दरबारी नोंद झाली समजा. तरी मनात शंका असेल तर उरलेलं आत्ता करू. मात्र बाहेर, उघड्यावर."

फाटक्या मांडवाखाली परत सतरंज्या अंथरल्या गेल्या. ज्ञानेश्वरी खिडकीतून ऐकत राहिली, मांडीवर तुतारी घेऊन. धुपाटणं त्या रात्री उकिरड्याशेजारी एकटंच विझलं.

*

दुसऱ्या दिवशी एसटी गेली ती आत्यांना न घेताच. लाल पिशवी रिकामी होऊन माळ्यावर चढली.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हौसेराव दिसले नाहीत म्हणून ज्ञानेश्वरी दारात ताटकळली. नेहमीची वेळ टळून गेली. मग घरामागच्या मोरीत बादलीचा आवाज आला. बराच वेळ पाणी पडत होतं. मुक्ताबाईंनी मागच्या दारानं धुतलेला सदरा दिला आणि बाजारातला सदरा दोन बोटांत धरून सरळ भिजत घातला. अंगाला साबण एवढा घासलेला की हौसेरावांची कातडी लाल झाली होती. त्यांनी केस पुसले, आरशात एकदा पाहिलं. हा माणूस कोण, मुकादम का मास्तर?

ते पुढच्या खोलीत आले आणि उभे राहिले. पोर धावत आली. सवयीनं पोटाशी नाक नेलं. हुंगलं. परत हुंगलं. कपाळाला आठी पडली.

"आबा, तुम्ही आज कामाला गेला नव्हता?"

"गेलो व्हतो की."

"मग वास?"

"ओळख."

तिनं डोळे मिटले. एकदा बाही हुंगली, एकदा कॉलर. कुठंच हळद नाही, धणे नाहीत, मिरची नाही. शिंक नाही. हौसेराव श्वास रोखून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या अंगावरून त्यांना ओळखत नव्हतं.

"साबण!" ती ओरडली.

"बरूबर," हौसेराव म्हणाले. "उद्या तरी ओळखता येतंय का बघू."

"उद्या काय असणार?"

"आता अगुदर सांगितलं तर खेळ कशाचा?"

त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि फेरीला निघाले. दारात बसलेल्या भागीरथीआत्यांनी पाय आखडून वाट दिली. गल्लीत धूळ कालच्यासारखीच होती, फक्त आज ती खाली बसलेली होती. धनाजी आणि विश्वजित घरापुढं पाण्याचे सडे मारत होते. हौसेराव त्या ओल्या पट्ट्यावरूनच चालले, पाय न आपटता, अगदी हळू.